आयर्विनचा आकडा आणि आपला उंबरा

आमच्या गिरणीच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यांत खालची २००५ च्या पुराची, जमिनीपासून दोन फुटांवर. तिच्या वर वीतभर २०२१ ची. आणि माझ्या डोक्याच्याही वर, जिथं पूर्वी सासऱ्यांनी लावलेलं कॅलेंडर असायचं, तिथं २०१९ ची.

सांगलीच्या गावभागात आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर आम्ही. दरवर्षी जुलै उजाडला की ओळखीपाळखीचे विचारायला येतात, "वहिनी, तुम्ही तयारी कशी करता?" प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहूनच काढते. हे कृष्णाकाठचं आहे. ज्यांच्याकडं पाणी एका रात्रीत येतं त्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

आधी आमची चूक सांगते. २००५ ला दोन फूट पाणी आलं, मोटार भिजली, वायंडिंग जळालं. शहाणपण म्हणून आम्ही मोटारीखाली अडीच फुटांचा कट्टा बांधून घेतला. त्या कट्ट्याच्या भरवशावर चौदा वर्षं निर्धास्त झोपलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ५ तारखेला नागपंचमी होती. मी दिंडं उकडत होते आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्यानं धोका पातळी कधीच ओलांडली होती. गल्लीतला प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणत होता, "दोन हजार पाचला इथवर आलं होतं, त्याच्या वर काय येतंय?" आम्हीही गव्हाची पोती कट्ट्यावर रचली आणि वर जाऊन जेवलो. दुसऱ्या रात्री पाणी कट्ट्याला लागलं, तेव्हा विजेरीच्या उजेडात मोटार काढायला गेलो. नट फिरेनात. चौदा वर्षांचं पीठ ओलीनं घट्ट होऊन आट्यांत बसलेलं आणि वर गंज चढलेला. पाना निसटून मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दोन बोटं सोलली. गुडघ्याच्या वर पाणी आलं तसं सोडून दिलं.

म्हणून पहिली गोष्ट ही की मागच्या पुराची रेघ म्हणजे पुढच्या पुराची हद्द नव्हे. ती रेघ उपयोगाची आहे, पण वेगळ्या कामासाठी. ते काम असं.

आपल्या उंबऱ्याचा आकडा काढा

आयर्विन पुलाजवळची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण स्वतःच्या उंबऱ्याला पाणी कितीला लागतं हे विचारलं तर दहातले आठ जण वर बघतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं चाळिशी गाठायच्या आधीच पाणी शिरतं. मारुती चौकातल्या दुकानदाराचा आकडा वेगळा, आमच्या गल्लीचा वेगळा.

काढायचा असा. एखाद्या पुराची सर्वांत वरची पातळी घ्या आणि त्यातून तुमच्या भिंतीवरच्या रेघेची उंची वजा करा. २००५ ला पातळी पावणेचौपन्न फुटांच्या घरात गेली होती आणि आमच्या गिरणीत दोन फूट पाणी होतं. म्हणजे आमची फरशी भिजते साधारण पावणेबावन्नला. २०१९ ला पातळी साडेसत्तावन्नच्या आसपास गेली. त्यातून पावणेबावन्न वजा केले की पावणेसहा फूट राहतात, आणि वरची रेघ मोजली तर तेवढीच भरते. नदी काही सपाट परात नाही, त्यामुळं इंचाचा हिशोब जुळणार नाही, पण फुटाचा जुळतो. भाड्यानं राहत असाल, नवीन घर घेतलं असेल, तर शेजारच्या जुन्या माणसाला विचारा. घरमालकाला विचारू नका, त्याच्या घरात कधीच पाणी आलेलं नसतं.

बातमीपत्र कसं वाचायचं

सांगलीत कडक ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून "तिकडं पाऊस आहे का?" विचारतात, तेव्हा मला हसू येतं. आमचा पूर आमच्या पावसानं येत नाही. तो महाबळेश्वर, कोयना, चांदोली इथल्या पावसानं येतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वारणा सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरला मिळते, आणि वारणा भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. त्यापुढं नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते.

त्यामुळं मी आयर्विनच्या आधी वरचे आकडे बघते. कऱ्हाडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी आणि शेवटी आयर्विन, याच क्रमानं. वर चढ असेल तर आपल्याकडं उतार लागला म्हणून खूश व्हायचं नाही. धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पन्नास हजार क्युसेक म्हटलं की सेकंदाला चौदा लाख लिटर, असा हिशोब केला की आकड्याचं वजन कळतं.

पण एकट्या धरणावर नजर ठेवून चालत नाही. २०२१ ला २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातलं पुष्कळ पाणी कुठल्याच धरणात न अडता थेट नदीत आलं. आयर्विनची पातळी ५४ फुटांच्या पुढं गेली ती त्यानंतर दोन-तीन दिवसांत. ते दोन दिवस आमच्या हातात होते, आणि तेवढ्यात बरंच काही होतं. त्याच २२ जुलैला चिपळूणमध्ये वाशिष्ठीनं माणसांना काही तासही दिले नाहीत. तिकडं पाऊस आणि समुद्राची भरती बघावी लागते, आणि सामान वर न्यायचं ते पावसाळ्याच्या सुरुवातीलाच नेऊन ठेवावं लागतं. कोल्हापूरकरांनी राजाराम बंधाऱ्याचे इशाऱ्याचे ३९ आणि धोक्याचे ४३ फूट धरावेत आणि बाकी गणित आमच्यासारखंच करावं.

खाली कर्नाटकात कृष्णेवर अलमट्टी धरण आहे, त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर येतो असं म्हणतात. त्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टीला जबाबदार धरलं नाही, आणि तरी आमच्या गल्लीत तो वाद बारा महिने चालतो. चालू दे. मी त्यात पडत नाही, कारण त्या वादानं माझी मोटार चार इंचसुद्धा वर जात नाही.

आकड्याला काम बांधा

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर वेळ नाही, वार नाही, फक्त फूट. त्या त्या फुटाला ते ते काम करायचं. तेव्हा "बघू संध्याकाळपर्यंत" असं कुणी म्हणायचं नाही, अगदी मालकांनीही.

तीस फूट झाले की गॅसचं दुसरं सिलिंडर भरून घ्यायचं, गाडीत पेट्रोल टाकायचं, चार-पाच हजार रुपये सुट्या नोटांत काढून ठेवायचे. २०१९ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. दूध नाही, पेट्रोल नाही, वीज नसल्यानं एटीएम मुकी, मोबाईलला रेंज नाही. खात्यात पैसे असून भाजी घेता येईना.

पस्तीसला नवीन दळण घ्यायचं बंद. ज्यांचे डबे आहेत त्यांना फोन करून न्यायला सांगायचं. २०१९ ला लोकांचे चाळीसेक डबे आमच्याकडं होते, प्रत्येकावर रंगानं आडनाव लिहिलेलं. पाणी उतरल्यावर ते गिरणीभर आडवेतिडवे पडले होते, आतला गहू फुगून झाकणं उडालेली, आणि वास असा की चार दिवस जेवण गेलं नाही. स्वतःचं नुकसान माणूस गिळतो. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देताना मान वर होत नाही.

चाळीसला मोटार वर. यावर घरात भांडण झालं होतं. आमची फरशी पावणेबावन्नला भिजते, मग बारा फूट आधीच कशाला? शिवाय पातळी चाळिशीला शिवून परत फिरली तर दोन-तीन दिवसांचं दळण फुकट बुडतं. बुडतं, खरं आहे. पण धोका पातळी ओलांडली की टेम्पो मिळत नाही, हमाल मिळत नाही, हाताखालचा पोरगा स्वतःच्या घरचं आवरायला गेलेला असतो आणि महावितरण सुरक्षेसाठी वीज तोडतं. तीन दिवसांचं दळण एकीकडं, आणि वायंडिंग, नवीन पट्टा नि महिनाभर बंद गिरणी दुसरीकडं. हिशोब मांडून दाखवला तेव्हा मालक गप्प झाले.

मोटार वर न्यायची म्हणजे काय, तेही सांगते, कारण कारखाना असो की झेरॉक्सचं दुकान, जड वस्तूचं तंत्र एकच. स्लॅबच्या तुळईत आम्ही एक जाड हुक बसवून घेतला आहे आणि चेनपुली विकत घेतली आहे. पट्टा काढायचा, वायरी सोडवायच्या, पण त्याआधी त्यांचा फोटो घ्यायचा आणि प्रत्येक टोकाला रंगीत चिकटपट्टी लावायची, नाहीतर परत जोडताना जातं उलटं फिरतं. मग चार नट काढून साडेसात एचपीची मोटार साखळीनं उचलायची आणि जिन्यावरून फळीवर सरकवत वर न्यायची. स्टार्टर, मेन स्विचही सोबत. जात्याचा दगड तिथंच राहतो. तो भिजला तरी मरत नाही. धुऊन, सुकवून, छिन्नीनं टाकी लावली की चालतो. २०१९ ला दोन महिने बंद असलेली गिरणी २०२१ ला पाणी उतरल्यावर आठवड्यात सुरू झाली, ती एवढ्यामुळंच.

पंचेचाळीसला आत्या विश्रामबागला नणंदेकडं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१, रक्तदाब आणि साखर दोन्ही. जाताना महिन्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायचं, फ्रीजच्या भरवशावर राहायचं नाही. आत्या पहिल्यांदा रुसल्या होत्या, "मला आधी हाकलता." मग मी सांगितलं की पाणी कमरेला लागल्यावर तुम्हाला खुर्चीतून उचलून नावेत घालावं लागेल आणि अख्खी गल्ली बघेल. त्या स्वतः पिशवी भरून बसल्या.

अठ्ठेचाळीसला आम्ही सगळे बाहेर. वर मजला आहे म्हणून राहू, हा मोह २०१९ ला आम्ही केला आणि तीन दिवस राहिलो. पाणी घरात आलं नाही, पण काय झालं ते ऐका. गटारं तुंबली की संडासातलं पाणी उलटं येतं. खालच्या मोरीतून पूर येण्याआधी घाणच वर आली. वरचा संडास वापरता येईना. शेवटी बादलीत पिशवी लावून, वर गव्हाचा कोंडा टाकून भागवलं. गिरणीवाल्यांकडं कोंडा तरी असतो. तुमच्या घरी काय आहे, याचा विचार करा. चूल, पाणी, दिवा यांची तयारी सगळे करतात, याची कुणी करत नाही आणि माणूस दुसऱ्याच दिवशी यानंच हैराण होतो. राहायचीच वेळ आली तर मोरीच्या आणि खालच्या संडासाच्या तोंडावर वाळू भरलेली पिशवी दाबून ठेवा.

ज्यांच्याकडं जनावरं आहेत त्यांनी आमच्यापेक्षा चार-पाच फूट आधी हलावं. गोठ्यातल्या म्हशीसाठी माणसं मागं राहतात आणि मग नावेची वाट बघतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून डझनाहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-मुलं होती. नाव क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. नावेत बसायची वेळ आलीच तर माणसं मोजा, अंगात जाकीट आहे का बघा, आणि भरलेली वाटली तर पुढच्या खेपेला जा. नाव येईपर्यंत थांबायची वेळच येऊ न देणं, यासाठी तर हा कागद.

जायचं कुठं, तेही आधी ठरलेलं हवं. आमच्याकडून विश्रामबाग, मिरज, कुपवाडकडं जायचं, सांगलीवाडीकडं नाही. पूल ओलांडून गेलात तर पलीकडं अडकाल. ज्यांच्याकडं जाणार त्यांना मे महिन्यातच विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होत नाही. ११२ सगळ्यांना माहीत असतो, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लिहून ठेवा. मोबाईलमध्ये नको, कागदावर.

पिशवीत काय

याबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात उरकते. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, घराचा उतारा, विमा, हे सगळं दोन प्लास्टिक पिशव्यांत गाठ मारून एका पाठीवरच्या पिशवीत, आणि ती पिशवी माणसाच्या पाठीवर. ट्रंकेत नाही. माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी धरा. खायला भडंग, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कडक भाकरी. सांगलीत राहून पुरासाठी बिस्किटं विकत घ्यायची मला लाज वाटते. विजेरी, सेल, शिट्टी, दोर, क्लोरिनची बाटली. सोनं मी इथं लिहिणार नाही कुठं ठेवते ते.

निघताना मेन स्विच बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपी लावून, वरच्या खिडकीच्या गजाला दोरानं बांधायचं. सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि आदळत फिरतो.

विम्याचं

२०१९ ला आमचा विमा होता. दरवर्षी न चुकता हप्ता भरला होता. पंचनाम्याचे कागद घेऊन गेलो तेव्हा कळलं की पॉलिसी आगीची आहे आणि वादळ-पुराचं कलम हप्ता कमी बसावा म्हणून काढलेलं आहे. कुणी काढलं, कधी काढलं, एजंटानं सांगितलं होतं का, यावर बोलून उपयोग नव्हता. सही आमची होती. तुमची पॉलिसी आज काढून त्यात पूर हा शब्द शोधा. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी भारत गृह रक्षा आणि छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा अशा ठरावीक पॉलिसी आल्या आहेत, त्यांत पूर धरलेला असतो. तरी वाचूनच सही करा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा, यंत्राच्या नंबरपट्टीसकट, फोटो काढून गावाबाहेरच्या माणसाला पाठवून ठेवा. आमचे पुण्याला मुलाकडं असतात.

पाणी उतरताना

इथं बहुतेक जण चुकतात. पाणी पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नसतं. घोट्याएवढं उरलं की आधी फोटो, तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी सगळ्या बाजूंनी, भिंतीवरच्या रेघेसकट. मग लगेच खराटा घेऊन त्याच उतरत्या पाण्याबरोबर गाळ बाहेर ढकलायचा. पाणी संपलं की तो गाळ एका दिवसात सिमेंटसारखा बसतो आणि मग खोऱ्यानं खरवडावा लागतो. पहिल्यांदा आम्ही आठ दिवस खरवडत होतो, दुसऱ्यांदा एका दुपारीत निघाला.

पायात गमबूट हवेतच. अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, साप आसऱ्याला आलेले असतात. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला सांगायला नको. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, आणि लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. भिजलेली गाडी किंवा मोटार "चालते का बघू" म्हणून सुरू करायची नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि विमावाले तेवढ्यावर बोट ठेवतात.

पेवांची एक गोष्ट राहिली. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. पिढ्यान् पिढ्या त्यांत हळद सुखरूप राहिली. २००५ ला त्यांत पाणी शिरलं. पेववाले काही अडाणी नव्हते, त्यांनी आजवरचा अनुभव बघून भरवसा ठेवला होता. आमच्या अडीच फुटी कट्ट्यासारखाच. तो कट्टा अजून आहे, आता त्यावर मांजर झोपतं.

मे महिन्यात, लग्नसराईचं दळण कमी झालं की एका दुपारी मी गिरणी बंद ठेवते. मोटारीचे चारही नट सोडवून, आट्या तारेच्या ब्रशनं घासून, ग्रीस लावून परत बसवते. आता मला वीस मिनिटं लागतात. तो एकोणीस नंबरचा पाना स्टार्टरच्या शेजारी खिळ्याला टांगलेला असतो. गल्लीतलं कुणी पाना मागायला आलं की मी घरातला दुसरा देते.